दिल्लीचा कारभार कोणाचा? राजधानीच्या प्रशासनाची दोन शतके

महाराष्ट्रातून दिल्लीत नव्याने स्थायिक झालेल्या कुटुंबाला पहिल्याच वर्षात एक गोष्ट जाणवते. आपले काम कोणत्या कचेरीचे आहे, हे येथे सहजासहजी कळत नाही. पुण्यात वा नागपुरात गल्लीतला रस्ता, नळ, गटार आणि जन्माचा दाखला यांसाठी महापालिका असते आणि पोलीस, जमीन, महसूल हे विषय राज्य शासनाकडे असतात. दिल्लीत पाणी व मलनिस्सारण जल मंडळाकडे, लहान रस्ते महापालिकेकडे, मोठे रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, जमीन दिल्ली विकास प्राधिकरणाकडे आणि पोलीस केंद्रीय गृह मंत्रालयाकडे अशी वाटणी आहे. घर नवी दिल्लीच्या जुन्या सरकारी भागात असेल तर पालिका वेगळी, छावणीत असेल तर मंडळ वेगळे. यमुना ओलांडून नोएडात गेले की वरिष्ठ कचेरी लखनौला, आणि नैऋत्येला गुरुग्राममध्ये गेले की चंदीगडला.

या गुंतागुंतीला पुष्कळदा 'सरकारी गोंधळ' म्हटले जाते. परंतु प्रशासनाच्या इतिहासाकडे पाहिले असता असे दिसते की हा गोंधळ कोणाच्या निष्काळजीपणातून जन्मलेला नाही. त्यातील प्रत्येक थर विशिष्ट वर्षी, विशिष्ट कारणासाठी, विचारपूर्वक घातलेला आहे. आणि बहुतेक थरांच्या तळाशी एकच युक्तिवाद आहे: हे शहर राजधानीचे आहे, म्हणून ते केवळ तेथील रहिवाशांच्या हाती सोपवता येत नाही. हा युक्तिवाद कोठून आला, त्यात तथ्य किती आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे या लेखात पाहावयाचे आहे.

पटपडगंज ते रेसिडेन्सी

आधुनिक दिल्लीच्या प्रशासनाची सुरुवात मराठ्यांच्या पराभवापासून होते, ही गोष्ट मराठी वाचकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पाटीलबावा महादजी शिंदे यांनी १७७२ मध्ये शहाआलम बादशहाला दिल्लीच्या तख्तावर परत आणले. १७८४ मध्ये पेशव्यांच्या नावे वकील-इ-मुतलक हे पद मिळाले आणि बादशाहीची प्रत्यक्ष सूत्रे महादजींच्या हाती आली. १७८८ मध्ये गुलाम कादिराने बादशहाचे डोळे काढले, तेव्हा दिल्ली पुन्हा ताब्यात घेऊन त्याला शासन करणारी फौजही शिंद्यांचीच होती. नाव बादशहाचे आणि हुकूम दुसऱ्याचा, ही दिल्लीतील व्यवस्था इंग्रजांनी शोधून काढलेली नाही. ती त्यांना आयती मिळाली.

११ सप्टेंबर १८०३ रोजी यमुनेच्या पूर्वतीरावर पटपडगंजजवळ जनरल लेकच्या सैन्याने, लुई बूर्कां या फ्रेंच सरदाराच्या हाताखालील शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. त्या लढाईचा स्मारकस्तंभ आज नोएडातील गोल्फच्या मैदानात उभा आहे. त्याच वर्षी ३० डिसेंबरला वऱ्हाडातील सुर्जी-अंजनगाव येथे तह झाला आणि दिल्लीसह गंगा-यमुनेच्या दुआबावरील हक्क शिंद्यांनी सोडले. दिल्लीचे भवितव्य अमरावती जिल्ह्यातील एका गावी कागदावर उतरले.

कंपनीने दिल्लीत रेसिडेंट नेमला. पहिला रेसिडेंट डेव्हिड ऑक्टरलोनी. १८०४ च्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांच्या सैन्याने दिलेला वेढा त्यानेच परतवला. पुढे १८११ ते १८१९ या काळात चार्ल्स मेटकाफ याने या प्रदेशाचा कारभार जवळजवळ एकहाती चालवला. महसूल, न्याय आणि पोलीस ही तिन्ही खाती एकाच अधिकाऱ्याकडे होती. बादशहाला ठरावीक नेमणूक मिळे. लाल किल्ल्याच्या आत त्याचा अंमल आणि बाहेर कंपनीचा, पण द्वाही मात्र बादशहाच्याच नावाने फिरे. शहराच्या दैनंदिन व्यवस्थेसाठी पूर्वापार कोतवाल होता. पेशवाईतील पुण्याच्या कोतवालाप्रमाणेच बंदोबस्त आणि बाजारावरील देखरेख ही कामे त्याच्याकडे असत. १८३२ मध्ये रेसिडेंटचे स्वतंत्र पद रद्द झाले आणि दिल्ली वायव्य प्रांताच्या यंत्रणेला जोडली गेली.

लाहोरच्या हाताखाली

१८५७ च्या उठावानंतर दिल्लीला शिक्षा झाली ती दोन प्रकारची. पहिली सर्वांना ठाऊक आहे: शहर रिकामे करण्यात आले, किल्ल्यातील बहुतेक वाडे पाडले गेले, किल्ला आणि जामा मशीद यांमधील दाट वस्ती जमीनदोस्त झाली आणि मशीद स्वतः १८६२ पर्यंत सरकारच्या ताब्यात राहिली. दुसरी शिक्षा प्रशासकीय होती आणि तिचे परिणाम अधिक टिकले. १८५८ मध्ये दिल्ली वायव्य प्रांतातून काढून पंजाबला जोडण्यात आली. शतकानुशतके राजधानी असलेले शहर लाहोरच्या हाताखालील एक जिल्ह्याचे ठाणे बनले. तेव्हापासून पंजाबचे कायदे, पंजाबची महसूलपद्धती आणि पंजाबची पोलीसव्यवस्था दिल्लीत आली.

त्याचा एक अवशेष आजही दिल्लीकरांच्या तोंडी असतो. १९०८ च्या जमीनबंदोबस्तात गावाच्या वस्तीभोवती नकाशावर लाल शाईने रेघ ओढली गेली. ज्याला आपण 'गावठाण' म्हणतो, त्याला दिल्लीत त्यामुळे 'लाल डोरा' म्हणतात. बांधकामाचे नियम त्या रेघेच्या आत निराळे आणि बाहेर निराळे. मुनिरका, शाहपूर जट, हौज खास यांसारख्या गावांभोवती शहर वाढले, शेते गेली, पण ती रेघ अनेक दशके टिकली. तेथील अरुंद गल्ल्यांतील उंच इमारती पाहून नवख्याला आश्चर्य वाटते. त्याचे उत्तर महसुलाच्या जुन्या नकाशात आहे.

दिल्लीची नगरपालिका १८६३ मध्ये सुरू झाली. चांदणी चौकातील टाऊन हॉल हे तिचे स्थान. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या स्थानिक स्वराज्याच्या ठरावानंतर निवडून आलेले सभासदही तेथे बसू लागले. परंतु अध्यक्षपद अनेक दशके जिल्ह्याच्या डेप्युटी कमिशनरकडेच राहिले. नगरवासीयांनी कर द्यावा, सल्ला द्यावा आणि निर्णय साहेबाने घ्यावा, असा हा संकेत होता. तो मुंबईच्या परंपरेहून बराच भिन्न होता. फिरोजशहा मेहता, न्यायमूर्ती तेलंग यांच्यासारख्यांनी मुंबईत जो नागरी सत्तेचा वारसा घडवला, तशा वारशाला दिल्लीत जागाच मिळाली नाही.

राजधानीचा युक्तिवाद

१२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात पंचम जॉर्ज यांनी राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला नेण्याची घोषणा केली. या निर्णयामागे व्हाइसरॉय हार्डिंग यांचा २५ ऑगस्ट १९११ चा खलिता होता. प्रशासनाच्या अभ्यासकाने तो अवश्य वाचावा. त्यात वंगभंगाचे राजकारण आहेच. पण त्याबरोबर एक तत्त्वही मांडले आहे: मध्यवर्ती सरकारने एखाद्या प्रांतिक सरकारच्या आणि एका शहराच्या लोकमताच्या छायेत राहू नये, राजधानी स्वतंत्र असावी. दाखले दिले होते अमेरिका, कॅनडा व ऑस्ट्रेलिया या देशांचे.

अमेरिकेचा दाखला कशाचा होता? जून १७८३ मध्ये पगार थकलेल्या सैनिकांनी फिलाडेल्फियातील काँग्रेसच्या सभागृहाला घेराव घातला. पेनसिल्व्हेनियाच्या सरकारने काँग्रेसच्या रक्षणासाठी आपली शिबंदी पाठवण्याचे नाकारले आणि त्या तरुण राष्ट्राच्या प्रतिनिधींना प्रिन्स्टनला पळावे लागले. राष्ट्राच्या सरकारला कोणत्याही राज्याच्या मेहेरबानीवर अवलंबून राहावे लागू नये, हा धडा त्यांनी घेतला. १७८७ च्या राज्यघटनेत स्वतंत्र जिल्ह्याची तरतूद झाली आणि १७९० च्या कायद्याने वॉशिंग्टनचा पाया घातला गेला. म्हणजे या तत्त्वाचा उगम खऱ्या भीतीत आहे. ते ढोंग नाही. प्रश्न असा की त्या भीतीचा बंदोबस्त करताना शहरात राहणाऱ्या माणसाचे काय करायचे.

दिल्लीत त्याचे उत्तर असे मिळाले. १ ऑक्टोबर १९१२ पासून दिल्ली तहसील आणि मेहरौलीचे ठाणे पंजाबमधून वेगळे काढून चीफ कमिशनरचा प्रांत करण्यात आला. पहिले चीफ कमिशनर माल्कम हेली. १९१५ मध्ये यमुनेपलीकडील ६५ गावे संयुक्त प्रांतातून घेऊन त्यात जोडली गेली. आजची पूर्व दिल्ली ती हीच. त्या गावांत संयुक्त प्रांताचे कूळकायदे चालू राहिले आणि नदीच्या अलीकडे पंजाबचे. एकाच छोट्या प्रांतात दोन महसुली कायदे, ही स्थिती १९५४ च्या जमीनसुधारणा कायद्यापर्यंत होती. प्रांताला विधिमंडळ नव्हते. चीफ कमिशनर थेट भारत सरकारला उत्तरदायी होता.

नव्या राजधानीसाठी रायसीना, मालचा आदी गावांच्या जमिनी १८९४ च्या भूसंपादन कायद्याने घेतल्या गेल्या. रायसीनाचे नाव टेकडीला उरले, मालच्याचे एका रस्त्याला. १९१६ मध्ये तेथे 'रायसीना म्युनिसिपल कमिटी' स्थापन झाली आणि १९२७ मध्ये तिचे नाव नवी दिल्ली म्युनिसिपल कमिटी झाले. तिचे सदस्य नेमलेले असत. आजही त्या पालिकेच्या परिषदेत निवडून आलेला नगरसेवक नसतो. तेथे नियुक्त सदस्य आणि पदसिद्ध लोकप्रतिनिधी बसतात. एका शहराच्या दोन पालिका, एक लोकांची आणि एक सरकारची, ही विभागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. जुन्या दिल्लीतील दाटीवर उपाय म्हणून १९३७ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. तोही पालिकेच्या बाहेरचाच.

फाळणी, विधानसभा आणि कावीळ

१९४१ च्या जनगणनेत दिल्ली प्रांताची लोकसंख्या सुमारे ९ लाख १८ हजार होती. १९५१ मध्ये ती १७ लाख ४४ हजारांवर गेली. फाळणीनंतर सुमारे पाच लाख निर्वासित येथे आले आणि तीन लाखांहून अधिक मुसलमान रहिवासी निघून गेले. राजेंद्रनगर, पटेलनगर, लाजपतनगर, मालवीयनगर या वसाहती त्या काळाच्या. केंद्रात बांधकाम खाते तेव्हा काकासाहेब गाडगीळ यांच्याकडे होते आणि राजधानीतील सरकारी बांधकामाचा मोठा भार त्यांच्या खात्यावर पडला. प्रशासनाची ही कामगिरी असामान्य होती, यात शंका नाही. ती थेट केंद्रीय अंमलाखाली झाली, हेही नोंदवले पाहिजे. राजधानीचा युक्तिवाद करणाऱ्यांचे हे सर्वांत बळकट उदाहरण आहे.

दरम्यान घटना समितीत दिल्लीचा प्रश्न आला होता. पट्टाभि सीतारामय्या यांच्या समितीने दिल्लीला विधिमंडळ द्यावे अशी शिफारस केली आणि दिल्लीचे प्रतिनिधी देशबंधू गुप्ता यांनी त्यासाठी आग्रह धरला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीचे मत निराळे पडले. राजधानी स्थानिक शासनाच्या हाती देणे कठीण आहे असे म्हणताना समितीने अमेरिका व ऑस्ट्रेलियाचाच दाखला दिला. हार्डिंग यांच्या खलित्यातील तत्त्व स्वतंत्र भारतात पोचले ते असे.

१९५१ च्या 'क' वर्ग राज्यांच्या कायद्याने तडजोड झाली. १९५२ मध्ये ४८ सदस्यांची विधानसभा आली आणि चौधरी ब्रह्मप्रकाश वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी मुख्यमंत्री झाले. परंतु कायदा-सुव्यवस्था, पोलीस, पालिकांची रचना, सरकारी जमिनी, आणि विशेष म्हणजे पाणीपुरवठा, मलनिस्सारण, वीज व वाहतूक यांच्या संस्था विधानसभेच्या कक्षेबाहेर ठेवल्या गेल्या. मुख्यमंत्री आणि चीफ कमिशनर यांच्यात खटके उडू लागले. १९५५ मध्ये ब्रह्मप्रकाश यांनी पद सोडले.

त्याच वर्षाच्या अखेरीस जे घडले ते सार्वजनिक आरोग्याच्या जगभरातील पाठ्यपुस्तकांत नोंदले गेले आहे. पुरानंतर यमुनेचे पात्र सरकले आणि नजफगढ नाल्याचे सांडपाणी वझिराबादच्या जलशुद्धीकरण केंद्राच्या उपशापाशी पोचले. ते पाणी शहराला गेले. डिसेंबर १९५५ व जानेवारी १९५६ मध्ये कावीळीची साथ पसरली आणि अंदाजे २९ हजार लोकांना उघड कावीळ झाली. अनेक गरोदर स्त्रिया त्यात दगावल्या. हा आजार आज आपण 'हिपॅटायटिस ई' म्हणून ओळखतो. शहराला निवडलेले सरकार होते, मुख्यमंत्री होता, विधानसभा होती. पण पाणी आणि सांडपाणी यांवर तिचा अधिकार नव्हता. लोकांनी मत ज्यांना दिले होते, त्यांच्याकडे नळाची चावी नव्हती.

राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ च्या अहवालात नेमके निदान केले: दुहेरी नियंत्रणामुळे दिल्लीच्या कारभाराचा दर्जा खालावला आहे. औषध मात्र विधानसभा बंद करण्याचे दिले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ती संपुष्टात आली. महाराष्ट्रातील वाचकाला तोच आयोग मुंबईच्या प्रश्नामुळे स्मरतो. मुंबईसाठी आपण लढा दिला आणि ती मिळवली. दिल्लीच्या विधानसभेसाठी तेव्हा तसा लढा झाला नाही.

प्राधिकरणाचे युग

विधानसभेच्या जागी महापालिका आली. १९५७ च्या कायद्याने एप्रिल १९५८ मध्ये ती अस्तित्वात आली आणि अरुणा असफ अली पहिल्या निर्वाचित महापौर झाल्या. पाणी, वीज, बसवाहतूक सारे तिच्याकडे एकत्र सोपवले होते. आयोगाच्या निदानावर हा खरा उपाय ठरू शकला असता. पण वाहतूक १९७१ मध्ये, वीज १९९७ मध्ये आणि पाणी १९९८ मध्ये तिच्याकडून काढून घेतले गेले. निवडणुकांचे तर असे की १९८३ नंतरची महापालिका निवडणूक थेट १९९७ मध्ये झाली. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यानंतर तेथेही तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचा अंमल राहिला. तेव्हा या बाबतीत दिल्लीला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला उरलेला नाही.

महापालिकेबरोबरच १९५७ मध्ये दिल्ली विकास प्राधिकरण स्थापन झाले. अध्यक्ष केंद्राने नेमलेला प्रशासक, आज नायब राज्यपाल. १९६१ च्या धोरणाने शहराभोवतालची जमीन मोठ्या प्रमाणावर संपादित करून ती विकसित करण्याचे व वाटण्याचे काम या एका संस्थेकडे आले. १९६२ मध्ये पहिला बृहत् आराखडा मंजूर झाला. हेतू चांगला होता: जमिनीचा सट्टा थांबावा, सर्वांना घर मिळावे. प्रत्यक्षात मागणीच्या मानाने घरे फारच कमी बांधली गेली आणि गरजू माणसाने शेतजमिनीवरील बेकायदा प्लॉट विकत घेतला. २०१९ मध्ये केंद्राने ज्या अनधिकृत वसाहतींतील रहिवाशांना मालकी हक्क देण्याची योजना आणली, त्यांची संख्या १,७३१ होती. जिथे मत देता येते, कर भरता येतो, पण घराचा कागद नसतो, अशा वस्त्यांत दिल्लीकरांची एक पिढी म्हातारी झाली.

१९६६ मध्ये महानगर परिषद आली. ५६ निर्वाचित आणि ५ नियुक्त सदस्य. तिला चर्चेचा व शिफारशीचा अधिकार होता, कायदा करण्याचा नव्हता. आणीबाणीत या रचनेचा कस लागला. महापालिका आधीच बरखास्त होती. झोपडपट्ट्या हटवून सुमारे सात लाख लोकांना शहराच्या कडेला नेण्यात आले आणि एप्रिल १९७६ मध्ये तुर्कमान गेटजवळ गोळीबार झाला. त्या लोकांच्या वतीने बोलण्याचा वैधानिक अधिकार असलेली निर्वाचित संस्था शहरात नव्हती.

दुसरी कसोटी नोव्हेंबर १९८४ ची. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या शीखविरोधी हिंसाचारात दिल्लीत २,७३३ माणसे मारली गेली, असा आकडा आहुजा समितीने निश्चित केला. त्या वेळी नायब राज्यपालपदी पी. जी. गवई हे मराठी सनदी अधिकारी होते आणि पदावर येऊन त्यांना जेमतेम दोन महिने झाले होते. हिंसाचार शमण्याच्या सुमारास त्यांना पद सोडावे लागले. पोलीस कोणाच्या आज्ञेत होते, सैन्य बोलावण्यास उशीर कोणाच्या टेबलावर झाला, याची चौकशी पुढे आयोगामागून आयोग करत राहिले. नानावटी आयोगाचा अहवाल आला तो २००५ मध्ये. राजधानीची सुरक्षितता हे केंद्रीय अंमलाचे सर्वांत मोठे समर्थन. ज्या तीन दिवसांत त्या समर्थनाची परीक्षा झाली, त्या तीन दिवसांची जबाबदारी मात्र निश्चित ठरू शकली नाही.

१९९१ नंतर

बाळकृष्णन समितीच्या १९८९ च्या अहवालानंतर ६९ वी घटनादुरुस्ती झाली आणि अनुच्छेद २३९ क-क अन्वये दिल्लीला ७० सदस्यांची विधानसभा मिळाली. कायदा-सुव्यवस्था, पोलीस आणि जमीन हे तीन विषय केंद्राकडे राहिले. डिसेंबर १९९३ मध्ये मदनलाल खुराना मुख्यमंत्री झाले. ही व्यवस्था पहिली दोन दशके बऱ्यापैकी चालली. १९९५ मध्ये स्थापन झालेली मेट्रो कंपनी केंद्र व दिल्ली सरकार यांच्या समान भागीदारीची आहे. २४ डिसेंबर २००२ रोजी शाहदरा ते तीस हजारी हा पहिला टप्पा सुरू झाला. दोन सरकारे असूनही एका कामाची जबाबदारी एका संस्थेला, पुरेशा अधिकारांसह दिली तर काय होते, याचा हा वस्तुपाठ आहे.

पुढील काळात मात्र वाद न्यायालयात गेला. ४ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नायब राज्यपाल सामान्यतः मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधील आहेत असे सांगितले. २०२१ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त करून दिल्लीच्या कायद्यांतील 'सरकार' या शब्दाचा अर्थ 'नायब राज्यपाल' असा ठरवला. ११ मे २०२३ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने सनदी सेवांवर, तीन राखीव विषय वगळता, निर्वाचित सरकारचा अधिकार मान्य केला. १९ मे रोजी अध्यादेश आला आणि ऑगस्टमध्ये त्याचा कायदा झाला. बदल्यांची शिफारस मुख्यमंत्री व दोन वरिष्ठ अधिकारी यांचे प्राधिकरण बहुमताने करील आणि अंतिम शब्द नायब राज्यपालांचा राहील, अशी त्यातील योजना. म्हणजे दोन अधिकारी मिळून मुख्यमंत्र्यांचे मत मागे सारू शकतात. मेटकाफला ही रचना अपरिचित वाटली नसती. महापालिकाही याच काळात २०१२ मध्ये तीन तुकड्यांत विभागली गेली आणि २०२२ मध्ये पुन्हा एक झाली.

जुलै २०२३ मध्ये यमुनेची पातळी २०८.६६ मीटरपर्यंत चढली आणि १९७८ चा विक्रम मोडला. पाणी लाल किल्ल्याच्या भिंतीपर्यंत आणि मध्यवर्ती रस्त्यांपर्यंत आले. आयटीओजवळच्या बंधाऱ्याचे काही दरवाजे गाळाने अडकून उघडले नाहीत. तो बंधारा दिल्लीच्या मध्यभागी असूनही हरियाणाच्या पाटबंधारे खात्याच्या देखभालीखाली होता. वझिराबादचा नाला आणि आयटीओचा बंधारा यांच्यात ६८ वर्षांचे अंतर आहे. प्रश्नाचे स्वरूप एकच आहे. आता तर तो राजधानी क्षेत्राचा प्रश्न झाला आहे. १९८५ च्या कायद्याने आखलेले हे क्षेत्र सुमारे ५५ हजार चौरस किलोमीटरचे आहे आणि त्यात चार राज्य सरकारे येतात. नदी, हवा आणि सांडपाणी त्यांच्या सीमा ओळखत नाहीत.

निष्कर्ष

ज्या वॉशिंग्टनचा दाखला आपण १९११ पासून देत आलो, त्याची पुढची हकीकत आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते. १८७४ मध्ये त्या शहराचे स्वशासन काढून घेतले गेले आणि सुमारे शंभर वर्षे नियुक्त आयुक्तांनी ते चालवले. १९७३ च्या कायद्याने निर्वाचित महापौर व परिषद परत आली. आजही काँग्रेस तेथील कायदे रद्द करू शकते आणि तेथील नागरिकाला काँग्रेसमध्ये मतदानाचा अधिकार असलेला प्रतिनिधी नाही. परंतु शहराचे पोलीस खाते सामान्यतः महापौरांच्या अखत्यारीत चालते, आणि संसदभवन, अध्यक्षांचे निवासस्थान यांच्यासाठी वेगळी संघीय दले आहेत. सरकारच्या आसनाचे रक्षण आणि नागरिकाच्या गल्लीचा बंदोबस्त या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात, एवढे तरी त्यावरून दिसते. दिल्लीतही नवी दिल्ली पालिकेची वेगळी हद्द शंभर वर्षांपासून आखलेली आहेच. ती हद्द सुमारे ४३ चौरस किलोमीटर आहे, आणि दिल्लीचे एकूण क्षेत्र १,४८३ चौरस किलोमीटर. उरलेल्या भागातील कोट्यवधी माणसांना राजधानीच्या नावाखाली किती काळ मोजायचे, हा खरा प्रश्न आहे.

माझे मत असे की केंद्राचा राजधानीवरील हक्क नाकारण्याचे कारण नाही. फिलाडेल्फियाची भीती खरी होती आणि आजही ती पूर्णतः काल्पनिक नाही. निर्वासितांच्या पुनर्वसनासारखी कामे केंद्राच्या बळावरच उभी राहिली. परंतु अधिकार ज्याच्याकडे असेल, उत्तर देण्याची जबाबदारीही त्याच्याकडेच दिसली पाहिजे. दिल्लीच्या दोन शतकांत अधिकार एकाकडे आणि उत्तरदायित्व दुसऱ्याकडे अशी वाटणी पुन्हा पुन्हा झाली, आणि दर वेळी तिची किंमत फायलीत नव्हे, नळात, नाल्यात आणि घराच्या कागदात मोजली गेली. ती मोजणाऱ्यांत पहाडगंज, करोलबाग वा आनंद विहार येथे दोन-तीन पिढ्या राहिलेले मराठी भाषिकही आहेत.

येथे राहणाऱ्या मराठी माणसाला एक सुचवावेसे वाटते. आपण स्वतःला दिल्लीत 'बाहेरचे' समजतो आणि येथील नागरी प्रश्नांपासून अलिप्त राहतो. पण या शहरात बहुतेक सगळेच केव्हातरी बाहेरून आलेले आहेत, आणि येथे आपले स्थान शिंद्यांच्या छावणीइतके जुने आहे. आपल्या प्रभागाची हद्द, नाल्याची मालकी आणि रस्त्याचे खाते कोणते, एवढी माहिती प्रत्येक वसाहतीच्या रहिवासी संघाने एका कागदावर लिहून काढली, तरी उत्तर कोणाकडे मागायचे हे कळू लागेल. स्थानिक स्वराज्याची सुरुवात कायद्याच्या कलमाने होते, हे खरे. पण ते टिकते ते विचारणाऱ्या माणसांमुळे.